एकीपुरती गॅलरी

नेरूळच्या आमच्या घरात एक खोली, एक स्वयंपाकघर आणि एक गॅलरी होती. गॅलरी एवढी, की मी आडवी झाले की डोकं एका भिंतीला आणि तळपाय दुसऱ्या भिंतीला टेकायचे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी लावली तशी आम्हीही तिला लोखंडी जाळी लावून घेतली होती. महिन्याचे चार दिवस मी त्या जाळीच्या आत बसायचे. एक सतरंजी, एक ताट, एक पेला आणि पाण्याची एक कळशी. स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाकडे बघायचं नाही, मुलीने अंगाला हात लावायचा नाही.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी चौतीस वर्षांची होते आणि मुलगी चौथीत. नवरा मुंबईत एका कचेरीत होता, सकाळी सातला घर सोडायचा. सासूबाई आमच्याकडेच होत्या. श्रीवर्धनजवळच्या एका गावातून लग्न होऊन मुंबईला आलेल्या, ऐन चाळिशीत विधवा झालेल्या, एकुलत्या एका मुलाला वाढवलेल्या बाई. त्या कजाग नव्हत्या. मी कामावरून आले की गरम पोळी वाढायच्या, माझ्या मुलीच्या वेण्या घालायच्या. पण विटाळाच्या बाबतीत त्यांचं एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. आधी आम्ही चाळीत होतो, तिथे मी पॅसेजच्या टोकाला बसायचे. शेजारणी येता-जाता दोन शब्द बोलायच्या. नेरूळला स्वतःचा ब्लॉक झाला आणि माझ्या वाट्याला गॅलरी आली. तिथून समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू आणि ड्रेनेजचे पाइप दिसायचे.

चार दिवसांचं मला फार काही वाटत नव्हतं. माझी आईही बसायची, आत्याही बसायची. पण त्या वर्षी ते चार दिवस संपेनात.

आधी असं झालं की पाचव्या दिवशी न्हाऊन मी घरात आले आणि सातव्या दिवशी पुन्हा डाग दिसला. थोडासाच. मी सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बस बाजूला. गेलं की न्हा." गेलं, न्हाले, घरात आले. आठवड्याने पुन्हा. पुढच्या महिन्यात तर अकरा दिवस, त्याच्या पुढच्या महिन्यात सोळा. पोटात दुखत नव्हतं, अंगावरून खूप जातही नव्हतं. नुसता डाग. कधी लाल, कधी तपकिरी. पण डाग तो डागच. सकाळी चहा ठेवला की सासूबाई स्वयंपाकघरातून विचारायच्या, "आहे का गेलं?" आणि मी जाळीला टेकून बसल्या बसल्या उत्तर द्यायचे, "आहे."

खोटं का नाही बोलले, असं आता कोणीही विचारेल. एकदा बोलले होते. डाग असताना "गेलं" म्हणून सांगितलं, न्हाले, स्वयंपाक केला, देवाला फुलं वाहिली. त्याच आठवड्यात मुलीला कावीळ झाली. महिनाभर पोर पिवळीधमक होऊन पडली होती. कोणी मला काही म्हणालं नाही, कारण कोणाला माहीतच नव्हतं. पण मला माहीत होतं. काविळीचा आणि माझ्या खोट्याचा संबंध नाही हे मला शिकलेल्या डोक्याने कळत होतं, तरी पुन्हा खोटं बोलायला जीभ उचलेना. त्यामुळे मला गॅलरीत कोंडणाऱ्यांत मी स्वतःही होते, हे मान्य करायला हवं.

नवरा संध्याकाळी घरी आला की चहाचा कप गॅलरीच्या उंबऱ्यावर ठेवायचा. हातात देता यायचा नाही. "बरं वाटतंय का?" विचारायचा आणि मी "हो" म्हणायचे. आणखी एक गोष्ट होती, ती मी त्याच्याशिवाय कोणाशी बोलू शकत नव्हते आणि त्याच्याशीही बोलता येत नव्हतं. एका खोलीच्या घरात नवरा-बायकोला एकांत तो किती. सासूबाई मुलीला घेऊन देवळात कीर्तनाला गेल्या की तेवढाच. त्या वेळी आम्ही जवळ आलो आणि मला लगेच रक्त गेलं. दोनदा असं झालं. दुसऱ्यांदा तो घाबरून उठून बसला. "मी काही केलं का?" म्हणाला. त्यानंतर त्याने हात लावला नाही. सासूबाई देवळात गेल्या तरी तो पेपर घेऊन बसायचा.

कामावर जायला मात्र बंदी नव्हती. पावणे गावात औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा एक छोटा कारखाना होता. तिथे आम्ही आठ बायका लांब टेबलाशी बसून झाकणं निवडायचो. तडा गेलेलं बाजूला, वाकडं बाजूला, चांगलं पेटीत. सकाळी मी गॅलरीतून निघून भिंतीच्या कडेकडेने दारापर्यंत जायचे, सासूबाई मुलीला मागे धरून उभ्या राहायच्या, आणि एकदा जिना उतरले की मी कोणालाही शिवू शकत होते. बसच्या कंडक्टरला, शेजारी बसणाऱ्या बाईला, औषधांच्या झाकणांना. संध्याकाळी त्याच जिन्याने वर येताना पाय जड व्हायचे.

कारखान्यात संडास शेडच्या मागे होता आणि त्याची कडी तुटलेली होती. मला दर दोन तासांनी जावं लागायचं. टेबलावर माझ्या शेजारी आमच्या जवळच्या शिरवणे गावची एक बाई बसायची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, तिथलीच मूळची. ती काही न विचारता माझ्याबरोबर उठायची आणि बाहेर दार धरून उभी राहायची. बरेच दिवस अशी उभी राहिल्यावर एकदा म्हणाली, "तुजं तोंड कसं पांढरं झायलंय बघ. रोज रोज काय हाय ह्ये? डाक्टरला दाव ना."

डॉक्टरला दाखवून झालं होतं. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांकडे नवरा मला घेऊन गेला होता. त्यांनी टेबलापलीकडूनच विचारलं, "मुलं किती?" एक मुलगी, म्हणून सांगितलं. "आणखी हवंय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. "नको असेल तर पिशवी काढून टाका. कटकट संपेल. तोवर ह्या गोळ्या घ्या." त्यांनी मला तपासलंसुद्धा नाही. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "डॉक्टरच म्हणतायत तर टाकू काढून." सासूबाई म्हणाल्या, "एका मुलीवर पिशवी काढतात होय? उद्या मुलगा व्हायचा असेल तर?" दोघं माझ्याबद्दल बोलत होती आणि मी जाळीच्या आत बसून ऐकत होते. मला काय हवं ते कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं असतं असंही नाही. मी गोळ्या घेतल्या. त्यांनी मळमळायचं, जेवण जायचं नाही. डाग होताच.

माघात एके दिवशी कारखान्यात मला चक्कर आली. टेबलावरच डोकं टेकलं. सुपरवायझरने घरी जा म्हणून सांगितलं. अकरा-साडेअकराला मी घरी पोचले. मुलगी शाळेत होती. माझ्याकडची किल्ली लावून मी दार उघडलं तेव्हा न्हाणीघरात पाण्याचा आवाज येत होता. दार अर्धं उघडं होतं. सासूबाई पाटावर बसून परकर चोळत होत्या, आणि बादलीतलं पाणी लाल झालं होतं.

मला वाटलं त्यांना कुठे कापलं. "आई, काय झालं? लागलं का?"

त्या दचकल्या. ओला परकर त्यांनी पोटाशी ओढून घेतला. तेवढ्यात माझं लक्ष खुंटीकडे गेलं. तिथे धुतलेल्या कापडाच्या चार-पाच घड्या वाळत होत्या. निळ्या ठिपक्यांचं कापड, माझ्याच जुन्या साडीचं. गेले काही महिने माझ्या गाठोड्यातलं कापड कमी कसं होतंय हे मला कळत नव्हतं, ते त्या क्षणी कळलं. सासूबाई तेव्हा बासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांची पाळी जाऊन बारा वर्षं उलटली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्या खाली बघत म्हणाल्या, "श्रावणापासून."

श्रावण ते माघ, सहा महिने. मी मागे वळून स्वयंपाकघरात बघितलं. देवापुढे निरांजन लावलेलं होतं, ताजी जास्वंद वाहिलेली होती, नैवेद्याची वाटी झाकलेली होती.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. कीव आली नाही, काळजी वाटली नाही. संताप आला. ह्या बाईने रोज सकाळी मला विचारलं होतं, आहे का गेलं, आणि विचारताना हिच्या स्वतःच्या अंगावर माझ्या साडीची घडी होती. माझ्या मुलीला हात लावायला मला बंदी होती आणि ही तिच्या वेण्या घालत होती.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. हात साबणाचे होते, तसेच त्यांनी जोडले. "त्याला सांगू नकोस गो. पोराला असलं ऐकवू नकोस. तुझ्या पाया पडते."

"नाही सांगत," मी म्हटलं. "पण आजपासून मी गॅलरीत बसणार नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना सगळं कळलं. मी विचारून बोलले नव्हते, पण बोलल्यावर मलाही कळलं की मी काय केलं. मग त्या म्हणाल्या, "नको बसूस. घरात बस."

संध्याकाळी मुलाला त्यांनी सांगितलं, "तिची औषधं चालू आहेत. उघड्यावर झोपणं बरं नव्हे म्हणतात." तो इतका खूश झाला की त्याने कारण विचारलं नाही. चहाचा कप त्याने माझ्या हातात दिला. मुलगी येऊन मांडीवर बसली ती जेवायच्या वेळेपर्यंत उठली नाही.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. दोन-तीन दिवस वाटलंही. मग हळूहळू घर गॅलरीपेक्षा अवघड झालं. सासूबाई माझ्याशी बोलायच्या, पण माझ्या डोळ्यांत बघायच्या नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले की त्या बाहेर यायच्या. पूजेला बसल्या की मधूनच मागे वळून मी बघतेय का ते बघायच्या. आधी आरती मोठ्याने म्हणायच्या, आता ओठांतल्या ओठांत. त्यांचा चेहरा ओढलेला दिसायला लागला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायच्या. मला दिसत होतं. मी दोनदा म्हटलं, "आई, डॉक्टरकडे जाऊया." दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "तू शब्द दिलायस." आणि दोन्ही वेळा मी गप्प बसले. त्यांनी डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही हे खरं आहे. पण डॉक्टरकडे गेलं की सगळं उघड होणार, आणि उघड झालं की मी पुन्हा जाळीच्या आत जाणार, ही भीती माझ्या मनात होती हेही खरं आहे. फाल्गुन गेला, चैत्र गेला.

वैशाखात शिरवण्याच्या त्या बाईने माझं ऐकणं सोडून दिलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती थेट आमच्या बिल्डिंगखाली येऊन उभी राहिली आणि खालूनच तिने हाक मारली. "चल, माज्या सुनंची डाक्टरीन हाय. बाईमानूस हाय, लाजू नको."

शिरवण्याच्या बाजूलाच तळमजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना होता. डॉक्टर पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, बोलणं स्वच्छ कोकणातलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं: डाग कधी, किती, नवऱ्याजवळ गेल्यावर दिसतो का. हे मला आधी कोणी विचारलंच नव्हतं. मी "हो" म्हटलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पडद्याआड टेबलावर झोपायला सांगितलं, दिवा जवळ ओढला आणि तपासलं. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"हा बघा इथे आहे," त्या म्हणाल्या. "पिशवीच्या तोंडाशी कोंब आलाय. पॉलिप म्हणतात याला. मांसाचाच असतो, देठावर लोंबतो. जरा धक्का लागला की रक्त येतं."

"मग पिशवी काढायची?"

"पिशवीने काय केलंय? पिशवी चांगली आहे. हा एवढा काढायचा. आत्ताच काढते."

त्यांनी चिमट्याने तो धरला आणि पिळला. ओटीपोटात एकदा कळ आली, मग काहीतरी चुरचुरलं, आणि संपलं. काचेच्या छोट्या बाटलीत घालून त्यांनी मला तो दाखवला. पिकलेल्या करवंदाएवढा, लालसर, गुळगुळीत. तपासायला पाठवायचा होता, आठ दिवसांनी रिपोर्ट. मी बाटलीकडे बघत राहिले. जवळजवळ वर्ष झालं होतं. वर्षभर कोणी अर्धं मिनिट दिवा धरून बघितलं नव्हतं, एवढंच. मी टेबलावर पडल्या पडल्या रडले. डॉक्टरांना वाटलं दुखलं. बाहेर शिरवण्याची बाई कोणाला तरी सांगत होती, "घाबारली व्हती ती. व्हईल बरी."

साडी नीट करून खुर्चीत बसल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, म्हाताऱ्या बाईलाही हे होतं का?"

"होतं. पिशवीच्या आतही असे कोंब येतात. तुमच्या वयाला बहुतेक साधे असतात. पण पाळी गेलेल्या बाईला एक डाग जरी दिसला ना, तर मी आठवडाभरसुद्धा थांबत नाही. कॅन्सर नाही ना, ते बघावंच लागतं." त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. "कोणाला होतंय?"

"कोणाला नाही," मी म्हटलं.

घरी येताना शिरवण्याची बाई काय काय बोलत होती ते मला आठवत नाही. माझं एवढंच चाललं होतं, की श्रावणापासून किती महिने झाले. नऊ. त्यातले शेवटचे तीन माझे होते.

त्या आठवड्यात मी सासूबाईंना पुन्हा विचारलं नाही, कारण उत्तर माहीत होतं. नवऱ्याला सांगायचं तर शब्द मोडायचा होता, आणि मग तो विचारणार, तुला कधी कळलं. तेवढं मला धैर्य नव्हतं. रिपोर्टच्या दिवशी मी सासूबाईंना म्हटलं, "आई, माझ्याबरोबर चला ना. एकटीला भीती वाटते." ते खोटं नव्हतं. त्या लगेच उठल्या. धुवट सुती पातळ नेसल्या, पिशवीत पाण्याची बाटली घेतली, रिक्षात माझा हात धरून बसल्या. "काही निघायचं नाही बघ," म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

माझा रिपोर्ट चांगला होता. डॉक्टर हसून कागद माझ्या हातात देत होत्या, तेव्हा मी एका दमात म्हटलं, "डॉक्टर, ह्यांनाही रक्त जातंय. नऊ महिने झाले."

सासूबाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तशी नजर त्यांनी त्याआधी किंवा नंतर कधी माझ्याकडे टाकली नाही. त्या उठल्या आणि पिशवी उचलून दाराकडे निघाल्या.

डॉक्टर जागेवरून हलल्या नाहीत. "आजी, तुम्ही कुठच्या?"

सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "श्रीवर्धनकडची."

"श्रीवर्धनला कुठे?"

त्यांनी गावाचं नाव सांगितलं.

"अरे वा! माझं माहेर श्रीवर्धनचं. वडिलांची सुपारीची वाडी होती."

सासूबाई वळल्या. "रोठा?" तिकडच्या मोठ्या सुपारीला रोठा म्हणतात.

"रोठाच. अजून भाऊ बघतो."

सासूबाई परत येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. मग दोघी वाडीबद्दल बोलल्या, रहाटाच्या विहिरीबद्दल बोलल्या, सुपारी सोलायला बसणाऱ्या बायकांबद्दल बोलल्या. मी मध्ये बसून ऐकत होते. डॉक्टरांनी घाई केली नाही. बाहेर बायका खोळंबल्या होत्या, तरी नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "आजी, एकदा तपासते. दोन मिनिटं. आत मी एकटीच असेन."

सासूबाई म्हणाल्या, "मला शिवलात तर तुम्हाला आंघोळ करायला लागेल."

"मी दिवसभर अशाच बायकांना शिवते, आजी. संध्याकाळी घरी जाऊन एकदाच आंघोळ करते."

सासूबाईंच्या तोंडावर हसू आलं नाही, पण त्या उठून पडद्याआड गेल्या.

बाहेरून काही दिसत नव्हतं. पिशवीतून, आतून, रक्त येत होतं. क्युरेटिंग करून आतलं अस्तर तपासावं लागेल, असं डॉक्टर म्हणाल्या. भूल द्यावी लागेल, मुलाला सांगावं लागेल.

परत येताना रिक्षात सासूबाईंनी पिशवी आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर दम लागला म्हणून पायरीवर बसल्या. मी एक पायरी खाली बसले.

"तू शब्द दिला होतास," त्या म्हणाल्या.

"हो. मोडला."

मी विचारलं, "मला तर रोज विचारायचात. तुमचं तुम्ही का नाही सांगितलंत?"

"कोणाला सांगू? विधवा बाई मी. ह्या वयात पुन्हा विटाळ आला म्हणून सांगू? लोक काय म्हणतील?" त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "आणि सांगितलं असतं तर बाजूला बसायला लागलं असतं. कुठे बसणार होते? गॅलरीत तू होतीस."

त्या गंमत करत नव्हत्या. खरंच त्यांनी तसा विचार केला होता. त्या गॅलरीत दोघींना जागा नव्हती, आणि दोघी बसल्या असत्या तर घरात रांधायला कोणी उरलं नसतं. म्हणून इतके महिने त्यांनी पाप डोक्यावर घेतलं होतं, त्यांच्या समजुतीप्रमाणे, आणि देवापुढे रोज भीत भीत बसत होत्या. मी त्यांच्या पायांजवळ बसून होते आणि मला त्यांची माफी मागावी की त्यांनी माझी मागावी, ते कळत नव्हतं. दोघींपैकी कोणीच मागितली नाही. वरच्या मजल्यावरून कोणी तरी खाली यायला लागलं तेव्हा आम्ही उठलो.

नवऱ्याला मीच सांगितलं. त्याने पेपरची घडी केली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली. "नऊ महिने? आणि मला कोणी सांगितलं नाही?" सासूबाई भिंतीकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. तो आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. मग म्हणाला, "मी विचारलं नाही, हेही आहेच." त्याने रजा टाकली. त्यानंतरचं सगळं त्याने केलं, आणि नीट केलं.

क्युरेटिंगमध्ये आतून कोंब निघाला, माझ्या कोंबापेक्षा मोठा. रिपोर्टमध्ये आलं की कोंब साधा आहे, पण त्याच्या मुळाशी काही पेशी बदलायला लागल्यात. कॅन्सर म्हणता येणार नाही, मात्र तसंच सोडलं तर व्हायची भीती. मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्यांची पिशवी काढली. दहा दिवस मी त्यांच्याजवळ राहिले. टाके ओले असताना एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, "नऊ महिने मी तशीच पूजा केली. घराला काही होणार नाही ना गो?"

मला माझ्या मुलीची कावीळ आठवली. मी ती गोष्ट त्यांना सांगितली, पहिल्यांदाच. खोटं बोलून न्हाले ते, फुलं वाहिली ते, आणि मग महिनाभर पोरीच्या उशाशी बसून मनात जे भोगलं ते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वेडी आहेस. तेव्हा पाणी खराब आलं होतं. बिल्डिंगमध्ये चौघांना झाली होती." थोड्या वेळाने, जणू स्वतःलाच, म्हणाल्या, "हो, पाणीच खराब होतं."

घरी आल्यावर महिन्याभराने माझी पाळी आली, वेळेवर, चारच दिवसांची. मी सवयीने सतरंजी उचलली तर त्या अंथरुणावरून म्हणाल्या, "तिकडे कांदे पसरलेत. इकडेच घाल भिंतीशी." देवाला शिवू दिलं नाही, लोणच्याची बरणी उघडू दिली नाही. शेवटपर्यंत नाही. पण सकाळी ते विचारणं बंद झालं. आम्ही एवढ्यावरच थांबलो. मीही पुढे ओढलं नाही आणि त्याही मागे सरल्या नाहीत. बिल्डिंगमधली कोणी बाई कुजबुजत काही सांगायला आली की मात्र त्या तिला सरळ शिरवण्याला पाठवायच्या. "आमच्या श्रीवर्धनची आहे डॉक्टरीण. तपासल्याशिवाय गोळी देत नाही."

ऑपरेशननंतर त्या नऊ वर्षं जगल्या आणि गेल्या त्या हृदयाने.

ऑपरेशनच्या वर्षीच मी एकदा डॉक्टरांना विचारलं होतं, "तीन महिने आधी आणलं असतं तर पिशवी वाचली असती का?" त्यांनी मला तीनच महिने का म्हणून विचारलं नाही. म्हणाल्या, "कदाचित वाचली असती. कदाचित हेच करावं लागलं असतं. आता कोण सांगणार?"

नवऱ्याला ते तीन महिने कधीच कळले नाहीत. सासूबाईंनी त्याला सांगितलं नाही, मीही नाही. शेवटच्या आजारात त्यांना अंघोळ मी घालायचे. अंग पुसताना टाक्यांच्या व्रणावरून टॉवेल फिरला की त्या डोळे मिटून घ्यायच्या आणि मी पटकन पुढे सरकायचे. एकदाच त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "पाणी गार झालंय."

मी उठून पाणी तापवायला ठेवलं.